तुकोबांचा पूल आणि खालचे पाणी



कल्याण-डोंबिवलीकडच्या आपल्या मंडळांत हरिपाठ संपला, बुक्का लावून झाला, की माणसे मनातले विचारू लागतात. त्यातला एक प्रश्न असा. कचेरीत शेजारी बसणारा ख्रिस्ती आहे, चांगला माणूस आहे. त्याने नव्या कराराची खिशात मावेल एवढी मराठी प्रत हातावर ठेवली. ती घ्यावी का? घेतली तर वाचावी का? आणि वाचली, तर गळ्यातली माळ सांभाळून ती समजून कशी घ्यावी?

याला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, नको रे बाबा, बाटशील. दुसरे म्हणते, देव सगळीकडे एकच, त्यात वाचायचे काय! पहिले उत्तर भित्र्याचे, दुसरे आळशाचे. दोन्ही देणाऱ्यांनी पुस्तक उघडलेले नसते. आपली परंपरा मात्र दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय स्वतःचे मांडत नाही. अमृतानुभवात ज्ञानोबारायांनी अज्ञानवादाचे खंडन केले, ते त्या पक्षाचे म्हणणे आधी पुरते ऐकून घेऊन. कीर्तनकारसुद्धा पूर्वपक्ष नीट उभा केल्याशिवाय सिद्धांताकडे वळत नाही. मग बायबलच्याच बाबतीत ही शिस्त का सोडावी?

हे पुस्तक काही काल-परवा आपल्या दाराशी आलेले नाही. ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आपण येता-जाता पाहतो. त्याच्याही कितीतरी आधी, १३२१ साली, फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू याच ठाण्यात आपल्या धर्मासाठी मारले गेले. परंपरेने चालत आलेली वर्षे धरली, तर नामदेवराय तेव्हा हयात होते. साष्टी-वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठीच बोलत आले. आणि १६१६ साली, तुकोबाराय देहूला आठेक वर्षांचे असतील तेव्हा, गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आहे. त्याची सुरुवात एका प्रश्नापासून होते. जुनी पुराणे आमच्याकडून गेली, आता त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचायला काहीतरी द्या, अशी मागणी एक ब्राह्मण करतो. पुढेही श्रोते शंका विचारतात आणि पाद्री उत्तरे देतो. ओवीचा गोडवा त्यात आहेच. पण ती जुनी पुराणे गेली कशी, हे विसरून तो ग्रंथ वाचू नये. पोर्तुगीज सत्तेने त्या मुलखातली देवळे पाडली होती, हेही त्या मागणीच्या मागे उभे आहे.

आज ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांच्यावर असली सक्ती नव्हती. म्हणूनच त्यांचा दाखला आपल्याला जास्त उपयोगी पडतो. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, शाळेच्या पुस्तकातून ओळखीचे झालेले फुलामुलांचे कवी. जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. पण त्यांची पहिली शाळा आपल्या कल्याणची. १८६९ ते १८७३ ही चार वर्षे हा मुलगा कल्याणात शिकला. पुढे संस्कृतचा व्यासंग, कविता, शिक्षकी, गावोगावची भटकंती. एकदा नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी गप्पा झाल्या. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतली. मत्तयाच्या शुभवर्तमानातले पाचव्या ते सातव्या अध्यायातले डोंगरावरचे प्रवचन आले, आणि पुस्तक हातातून सुटेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यानंतर टिळकांनी जे केले ते आपल्या जिव्हाळ्याचे आहे. त्यांनी साहेबी चालीची गाणी बाजूला सारून अभंग रचले. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘अभंगांजली’. तुकोबांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले, माउली म्हटले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा असावी ही त्यामागची कल्पना होती. १९१९ साली ते गेले.

वारकरी हे वाचतो आणि त्याला भरून येते. अभंग आपला, माउली आपली, तुकोबा तर आपलेच. मग बायबल म्हणजे दुसऱ्या मुलखातली गाथाच, असे वाटू लागते. माउली, इथेच थांबायचे आहे. टिळकांच्या भक्तीविषयी मला शंका नाही. त्यांचे अभंग भजन म्हणून सच्चे आहेत. पण बायबल समजून घ्यायला निघालेल्या माणसाने त्यांनाच दरवाजा धरले, तर त्याची फसगत होईल असे माझे मत आहे. डोंबिवलीहून मुंबईकडे जाताना ठाण्याच्या अलीकडे गाडी खाडी ओलांडते. पूल मजबूत असला म्हणून खाली पाणी नाही असे होत नाही. टिळकांच्या अभंगांत पूल दिसतो, पाणी दिसत नाही.

‘माउली’ हा एकच शब्द घ्या. बायबलमध्ये देवाच्या मायेला आईची उपमा आहे. यशयाच्या ग्रंथात आहे, आणि येशू स्वतः पिल्लांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीचा दाखला देतो. म्हणजे टिळकांनी शब्द अगदीच हवेतून आणलेला नाही. पण येशूच्या तोंडी देवासाठी रोजचा शब्द आहे तो बाप. आणि हा बाप न्यायही करतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी माणसे वेगळी केली जातात. भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, उघड्याला वस्त्र दिले का, तुरुंगातल्याला भेटलात का, हेच विचारले जाते. ज्यांनी दिले नाही त्यांना शिक्षा आहे. आपल्या माउलीच्या हातात असला तराजू आपण कधी पाहिला नाही. आई लेकराचा हिशेब ठेवत नाही, हेच तर आपण नाचून सांगतो. तेव्हा ‘ख्रिस्तमाउली’ म्हटल्याबरोबर प्रेम पुलावरून इकडे आले आणि न्यायाधीश पलीकडच्या तीरावर राहिला. पुस्तक वाचणाऱ्याला मात्र तो भेटणारच आहे.

आता वारकऱ्याचे चार खरे प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न सुरुवात कुठून करावी हा. पुष्कळजण पहिले पान उघडतात. सृष्टीची उत्पत्ती होते, जलप्रलय होतो, मग वंशावळी लागतात, यज्ञाचे नियम लागतात, लढाया लागतात, आणि पुस्तक कपाटात जाते. बायबल हा एक ग्रंथ नव्हे, ग्रंथांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट पंथाच्या बायबलात ६६ पुस्तके, कॅथलिक पंथाच्या बायबलात ७३. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेतला, नवा करार ग्रीक भाषेतला. त्यात इतिहास आहे, कायदा आहे, म्हणी आहेत, पत्रे आहेत, आणि स्तोत्रसंहिता या नावाची १५० भजने आहेत. आपल्याकडे नवख्याला कुणी सबंध महाभारत देऊन बसवत नाही, हरिपाठ देतो. तसेच इथे लूकाचे शुभवर्तमान आणि काही स्तोत्रे आधी घ्यावीत. स्तोत्रांत देवाशी भांडण आहे, रुसवा आहे, तू मला का टाकलेस हा आक्रोश आहे. तुकोबांचे करुणापर अभंग ज्याच्या कानात आहेत त्याला तो आवाज परका वाटणार नाही. लूकाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. धाकटा मुलगा वाटणी उडवून परत येतो आणि बाप त्याला दुरून पाहून धावत जातो. तो भाग सगळ्यांना आवडतो. आपल्यासारख्या नेमाने एकादशी धरणाऱ्याने मात्र ती गोष्ट थोरल्या मुलाकडून वाचून पाहावी. तो कधी घर सोडून गेला नाही, राबत राहिला, आणि भावासाठी मेजवानी झाली म्हणून रुसून बाहेर उभा राहिला. गोष्ट संपते तेव्हा तो आत गेला की नाही हे सांगितलेलेच नाही. तिथे थोडे बसावे.

दुसरा प्रश्न मूर्तीचा. दहा आज्ञांत मूर्ती करू नको अशी आज्ञा आहे. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात त्याहून झोंबणारे आहे. एकाच लाकडाच्या अर्ध्या भागावर माणूस भाकर भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो, अशी थट्टा तिथे केली आहे. पांडुरंगाच्या पायावर डोके ठेवून आलेल्याला हे लागते. लागावेच. पण लगेच रागावू नये, आणि लगेच गोड अर्थही लावू नये. भावाविना दगड तो दगडच, हे आपल्या संतांनीही कडक शब्दांत सांगितले आहे. साम्य एवढ्यावर संपते. बायबलची हरकत निर्जीवपणापुरती नाही. त्याच्या मते निर्माण करणारा आणि निर्माण झालेले यांच्यामध्ये ओलांडता न येणारे अंतर आहे. त्यामुळे निर्मितीतल्या कशालाही देव म्हणणे हा देवाचा अपमान ठरतो. आपल्याकडे विश्व हा चैतन्याचाच विलास आहे. विटेवरचे सगुण आणि वेदांना न सापडलेले निर्गुण दोन नाहीत. मतभेद पाषाणाचा नाही, सृष्टीचा आहे. हे कळले, की गाडीत कुणी ‘तुमचा देव दगडाचा’ म्हणाला तर चिडण्याऐवजी आपण त्याच्याशी नीट बोलू शकतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. माझ्या पापासाठी दुसऱ्या कुणी मरावे, हे कसे? करणाऱ्याने भोगावे हा तर न्याय. इथे आपल्याला दामाजीपंत आठवतात. मंगळवेढ्याच्या दुष्काळात पंतांनी बादशहाची कोठारे लोकांना खुली केली. धन्याचे देणे अंगावर आले. तेव्हा विठ्ठल विठू महार झाला, बेदरला गेला आणि सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला. भक्ताचे कर्ज देवाने, तेही सर्वांत खालच्या मानलेल्या माणसाच्या रूपात येऊन फेडले. ख्रिस्ती माणूस ज्याला तारण म्हणतो, ते समजायला आपल्याकडे याहून जवळची कथा नाही. कुणी विचारले तर हीच सांगावी. पण सांगताना फरकही सांगावा. विठू महाराची थैली अक्षय होती. त्याला काही गमवावे लागले नाही, जोहार घालून तो निघून गेला. ख्रिस्ती श्रद्धेत फेड रक्ताने झाली. पिलात नावाच्या रोमन सुभेदाराच्या अमलात, एका ठराविक शहरात, खिळे ठोकून मारलेल्या माणसाची ती हकिगत आहे. ती एकदाच घडली, आणि घडली यावरच ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे. आपल्या अवतारकथांत ऐकणाऱ्याला ठाऊक असते की देवाला खरी जखम होत नाही, ही लीला आहे. तिथे जखम खरी आहे, हेच सांगायचे आहे. पुराणाची ओवी घ्या की भजनाचा अभंग, आपल्या कानाला त्यांत लीलेची चाल आधी ऐकू येते. स्टीफन्सनी ओवी घेतली, टिळकांनी अभंग घेतला, आणि दोघांनीही आपल्या कानाला ख्रिस्त गोड केला. त्या गोडव्यात क्रूस थोडा बोथट झाला. ख्रिस्ती वाचकाला तो बोथट वाटणार नाही, कारण त्याला मूळ हकिगत पाठ असते. आपल्याला ती पाठ नाही, म्हणून आपण मूळ गद्य आधी वाचले पाहिजे.

चौथा प्रश्न ‘मीच एकमेव मार्ग’ या आशयाच्या वचनाचा. योहानाच्या चौदाव्या अध्यायात ते आहे, आणि वारकरी वाचक तिथे अडतो. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. एक निष्ठेची भाषा. पतिव्रतेने दुसऱ्याचे नाव घेऊ नये तसे माझे मन विठ्ठलावाचून कुठे जात नाही, असे आपणही म्हणतो. त्यात शेजाऱ्याच्या देवाविषयी निवाडा नसतो. दुसरी निवाड्याची भाषा. तू या दाराने आला नाहीस तर तुला मुक्ती नाही. शतकानुशतके चर्चने ते वचन निवाडा म्हणून वाचले, हे नाकारता येत नाही, आणि आजही बरेच ख्रिस्ती तसेच वाचतात. पण त्यांच्यातही सगळे एका मताचे नाहीत. १९६५ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आपण अव्हेरत नाही, असे अधिकृतपणे जाहीर केले. तेव्हा शेजाऱ्याला सरळ विचारावे, की बाबा, हे वचन तू कसे वाचतोस? उत्तर जे येईल ते त्याचे. आपण ते त्याच्या तोंडी घालू नये.

असे विचारणे उद्धटपणाचे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही चर्च सांगते म्हणून एखादा सिद्धांत मान्य करायला त्या तयार नव्हत्या. आपल्या धर्मगुरूंशी आणि जोगिणींशी त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. त्याच रमाबाईंनी पुढे मूळ भाषा शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यात आयुष्याची शेवटची वर्षे घातली. आत गेलेल्या बाईला प्रश्न पडू शकतात, तर दारात उभ्या असलेल्या आपल्याला का पडू नयेत?

टिळकांचे अभंग दरवाजा नव्हेत असे म्हटले, मग दरवाजा कोणता? माझे उत्तर त्यांच्याच घरातले आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा या बाईवर आकाश कोसळले. त्या वियोगाच्या काळात लहानग्या मुलाला घेऊन त्या पंढरपुरात आप्तांकडे राहिल्या. कल्पना करा माउली, नवरा तुकोबांच्या पुलावरून पलीकडे गेलेला, आणि बायको तुकोबांच्या विठ्ठलाच्या गावात डोळे पुसत बसलेली! टिळकांच्या अभंगात जे पाणी दिसत नाही, ते या पुस्तकात पानोपानी आहे. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, तरी सोवळे सांभाळून, आपले अन्नपाणी वेगळे ठेवून राहिल्या. मग जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला आणि कुणाच्याही हातचे खायचे ठरवले. चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवणाऱ्या आपल्या समाजाने हा प्रसंग दोनदा वाचावा. बाप्तिस्मा त्यानंतर आला. लक्ष्मीबाई कुठे सिद्धांत सांगत नाहीत आणि कुणाला पटवायला जात नाहीत. धर्म बदलताना घरात कोण रडले, कोण हसले, काय तुटले, काय नव्याने जुळले, एवढेच सांगतात. ज्याला शेजाऱ्याची श्रद्धा समजून घ्यायची आहे, त्याने आधी हे वाचावे, मग लूक, मग स्तोत्रे, आणि त्यानंतर ‘अभंगांजली’. या क्रमाने गेले म्हणजे टिळकांचे अभंगही जास्त कळतात, कारण ते कशावरून चालत आले हे तोपर्यंत दिसलेले असते.

पलीकडच्या तीरावरूनही माणसे आली आहेत. गी द्लरी हा फ्रेंच जेझुइट वारीत पालखीबरोबर चालला. त्याने तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि १९५६ साली प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाला त्याने नाव दिले ते यात्रेकरूची स्तोत्रे अशा अर्थाचे. म्हणजे आपण ख्रिस्ताला अभंग दिला, त्याने तुकोबांना स्तोत्र दिले. त्याच्या फ्रेंच वाचकालाही मग हेच सांगावे लागेल, की स्तोत्र हा शब्द गोड आहे, पण तुकोबांचा विठ्ठल तुझ्या स्तोत्रातला देव आहे असे धरून चालू नकोस. पंढरीला ये, चाल, मग ठरव.

तेव्हा माउली, कुणी ती छोटी प्रत पुढे केली तर दोन्ही हातांनी घ्या, घरी नेऊन स्वच्छ जागी ठेवा, आणि वाचा. वाचून माळ निसटेल अशी भीती असेल, तर दोष माळेचा नाही, आपल्या श्रवणाचा आहे. वाचताना जिथे आपले वाटेल तिथे आनंद माना, जिथे परके वाटेल तिथे खूण करून ठेवा आणि ती खूण घेऊन शेजाऱ्याकडे जा. जाताना हरिपाठाची एक प्रत बरोबर न्या. त्यालाही प्रश्न असतीलच.

राम कृष्ण हरी.